उलट्या बाजूची काजं

थोरल्या मुलीला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. दोन्ही मुलगे, दोन्ही धडधाकट, आणि एकाने रडायला सुरुवात केली की दुसरा मागे राहायचा नाही. मास्तरीणबाईंनी नातवंडांचं ते रडणं फोनवरच ऐकलं. बाळंतपणाला त्यांना जाता आलं नाही. झबली, दुपटी, टोपडी अशी सगळी बॅग भरून दाराशी तयार ठेवली होती आणि त्याच आठवड्यात धाकटी अंथरुणाला खिळली. बॅग दाराशीच राहिली. पुढे पुढे घरचं मांजर तिच्यावर झोपायला लागलं.

मास्तरीणबाई म्हणजे शाळेतल्या नव्हेत. शाळेचं तोंडसुद्धा त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांचे यजमान टेलरमास्तर, म्हणून त्या मास्तरीणबाई. घराची पुढची खोली हेच दुकान. रस्त्याकडे उघडणारी मोठी खिडकी, खिडकीशी पायमशीन, मधोमध कापड कापायचं टेबल. भिंतीवर लाकडी क्रूस होता आणि त्याच खिळ्याला मास्तर आपली मोजपट्टी अडकवत. पाळकसाहेब एकदा घरी आले तेव्हा त्यांचं तिकडे लक्ष गेलं. मास्तर ओशाळून म्हणाले, "साहेब, अख्ख्या भिंतीत तेवढा एकच खिळा पक्का बसलाय." साहेब म्हणाले, "मग बरोबर जागी अडकवलीत."

दुकानात पुरुषांचे शर्ट शिवले जात, दुसरं काही नाही. कापणं, शिवणं, इस्त्री आणि घडी मास्तरांची. काजं आणि बटणं मास्तरीणबाईंची. खिडकीच्या उजेडात खुर्ची ओढायची, शर्टाच्या पुढच्या पट्टीवर खडूने खूण करायची, कात्रीच्या टोकाने चीर द्यायची आणि मग तिच्या कडेने दाट टाके घालत फिरून यायचं. लग्न झाल्यापासून त्या हेच करत आल्या होत्या. डोळे मिटूनही काज झालं असतं.

धाकट्या मुलीचं घरातलं नाव बॉबिन. लहानपणी एका जागी ठरायची नाही, मशीनमधल्या दोऱ्याच्या बॉबिनसारखी गरगर फिरायची, म्हणून मास्तरांनी ठेवलेलं. ती चार-पाच वर्षांची असताना एका रविवारी उपासनेत पाळकसाहेब प्रार्थना करत होते. "हे प्रभू, तुझं काज आमच्या हातून होऊ दे," असं काहीसं ते म्हणाले. आमेन झालं, सगळे खाली बसले, आणि त्या शांततेत बॉबिनचा आवाज आला, "बाबा, प्रभूच्या शर्टाचं काज आपल्याकडे आलंय? मग आई करत का नाही?"

सगळी मंडळी हसली. मास्तरांना कुठे तोंड लपवू असं झालं. पाळकसाहेब मात्र वेदीजवळूनच म्हणाले, "बाळ, आईला सांग, सगळ्यात आधी ते कर. बाकीची गिऱ्हाइकं थांबतील."

बॉबिनने ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्चीशी येऊन उभी राहिली. "हे प्रभूचं काज ना? मग नुसतं नाही करायचं. काहीतरी म्हण त्याला."

"काय म्हणू गं?"

"उपकार मान. त्याने काय दिलं ते सांग."

तेव्हापासून त्या घरात दिवसाचं पहिलं काज प्रभूचं ठरलं. शर्ट कोणाचाही असो. मास्तरीणबाई सुई ओवत आणि त्या दिवशीची एखादी गोष्ट सांगून प्रभूचे उपकार मानत. अट बॉबिननेच घातलेली. उपकार ताजा हवा. कालचा सांगायचा नाही. "घर दिलंस, मुलं दिलीस," असं म्हटलं की पोरगी नाक मुरडायची, "शिळं आहे, आई!" मग शोधाशोध व्हायची. दूध उतू जाता जाता वाचलं. खिडकीतून गार झुळूक आली. गेल्या आठवड्यात रुसून गेलेलं गिऱ्हाईक आज आपण होऊन हसलं. मशीनवरून मास्तरही आपला एखादा सांगत. वर्षागणिक मुलगी मोठी होत गेली, रविवारशाळेत लहान मुलांना शिकवायला लागली, पण सकाळचं हे काही चुकलं नाही.

आणि मग तो आजार आला. रक्तातला आजार, डॉक्टर म्हणाले. आधी इस्पितळाच्या फेऱ्या, मग मुक्काम, मग पुन्हा घर, पुन्हा मुक्काम. बॉबिनचे केस गेले, अंग वाळलं, गालांची हाडं वर आली. थोरलीला जुळं झालं त्या आठवड्यात तिने अंथरूणच धरलं, आणि शेवटी डॉक्टरांनी मास्तरांना बाजूला घेतलं आणि सांगितलं की आता घरीच ठेवा, तिला आवडेल तसं राहू द्या. मास्तरांनी घरी येऊन बायकोला सांगितलं. सांगताना ते मोजपट्टी गुंडाळत होते, उलगडत होते, पुन्हा गुंडाळत होते.

त्या दिवशी मास्तरीणबाई मोरीत गेल्या, नळ सोडला आणि देवाशी बोलल्या. "तिला उठव. मग बोलेन. तोवर माझ्या तोंडून तुला एक शब्द मिळायचा नाही." डोळे पुसले आणि बाहेर आल्या.

दुसऱ्या सकाळी त्यांनी पहिलं काज मुक्याने केलं. त्याच्या पुढच्या दिवशीही. बॉबिनची खाट आता दुकानातच, कापायच्या टेबलामागे आणली होती, तिला रस्ता दिसावा म्हणून. तिथून तिने दोन दिवस पाहिलं, तिसऱ्या दिवशी विचारलं.

"आई, प्रभूचं काज झालं?"

"झालं."

"ऐकू नाही आलं."

"मनात म्हटलं."

"खोटं. मनात म्हणताना तुझे ओठ हलतात."

मास्तरीणबाईंनी दोरा दातांनी तोडला आणि दुसरा शर्ट ओढला. पाठ फिरवून म्हणाल्या, "तू बरी हो. मग म्हणते."

बॉबिनला कळायचं ते कळलं. आईच्या वाटचं ती स्वतःच म्हणायला लागली. "आज नर्सताईंना पहिल्याच टोचणीत शीर सापडली, उपकार." "आज बाबांनी शिट्टी वाजवली आणि चूक वाजवली, उपकार." "मांजर बॅग सोडून माझ्या पायांशी आलं, उपकार." ऐकताना मास्तरांचं मशीन थांबे. मास्तरीणबाईंची सुई थांबत नसे. रविवारी त्या उपासनेला जात, गाणं सुरू झालं की उभ्याही राहत, पण तोंडाला कुलूप.

पाळकसाहेब आता पार म्हातारे झाले होते, काठी टेकत चालत. एका दुपारी ते बॉबिनला भेटायला आले. मास्तरीणबाईंनी चहा पुढे केला तसं बॉबिनने चहाडी केली.

"साहेब, आईने संप केलाय."

"संप? कोणाविरुद्ध?"

"मालकाविरुद्ध." बॉबिनने वर बोट दाखवलं.

मास्तरीणबाईंचा चेहरा उतरला. आता उपदेश ऐकावा लागणार. साहेबांनी चहा बशीत ओतला, फुंकर घातली.

"मीही केला होता एकदा," ते म्हणाले. "माझी बायको गेली तेव्हा. मंडळीला कळू नये म्हणून प्रार्थना नेहमीपेक्षा मोठ्याने म्हणायचो."

"मग?" बॉबिनने विचारलं.

"मग काय. मालकाने कामावरून काढलं नाही." त्यांनी चहा संपवला, बॉबिनच्या डोक्यावर हात ठेवून हळू आवाजात प्रार्थना केली आणि निघाले. दाराशी मास्तरीणबाईंना नुसतं म्हणाले, "चहा छान होता हो."

थंडी सुरू होता होता बॉबिनचा दंड सुजला. डोक्यावरून घालायचे कपडे चढेनात, हात वर न्यायचा म्हणजे डोळ्यांत पाणी. एकदा तशीच अर्धवट कपड्यात अडकून बसली आणि आतून म्हणाली, "बाबा, गिऱ्हाईक आत अडकलंय, सोडवा." हसली, पण बाहेर काढल्यावर बराच वेळ डोळे मिटून पडली होती.

"बाबा, मला पुढून उघडा गाऊन शिवून द्या," ती म्हणाली. "वरपासून खालपर्यंत बटणं. ते पिवळं कापड आहे ना, माझं ठेवलेलं, त्याचा."

ते कापड तिने स्वतः आणलेलं. उन्हात धुवून वाळवलेल्या लिंबाच्या सालीसारखा फिका रंग. नोकरी लागली की शिवायचं म्हणून ठेवलेलं. मास्तरांनी ते टेबलावर पसरलं आणि कात्री हातात घेऊन कितीतरी वेळ नुसते उभे राहिले. मग कापलं. एका दिवसात शिवून बायकोच्या मांडीवर ठेवलं.

मास्तरीणबाईंनी खुर्ची खिडकीशी ओढली. पट्टीवर खुणा केल्या, चिरा दिल्या, टाके घालायला घेतले. हात चालत होते, मन जागेवर नव्हतं. हे कापड नोकरीवर जायचं होतं, एवढंच डोक्यात फिरत होतं. वरपासून खालपर्यंत काजं झाली. बटणं लावली. गाऊन झटकून समोर धरला आणि तेव्हा दिसलं.

सगळी काजं डाव्या पट्टीवर. पुरुषांच्या शर्टाला असतात तशी. बायकांच्या कपड्याला काजं उजवीकडे घ्यायची असतात, हे नव्या शिकाऊ पोरालाही ठाऊक असतं. पण आयुष्यभर शर्टच केलेले. हाताने आपल्या सवयीची वाट धरली.

आणि काजाला एकदा चीर पडली की ती मिटत नाही.

त्या तशाच बसून राहिल्या. मग तोंडावर गाऊन दाबून रडायला लागल्या. डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवशी नळाखाली रडल्या होत्या, त्यानंतर आज. मास्तर मशीनवरून धावत आले. "काय झालं? सुई टोचली?"

"सगळं उलटं केलं हो मी. पोरीचं एवढं एक कापड. तेही उलटं केलं."

मास्तरांनी गाऊन हातात घेतला, पाहिला. "एवढंच ना? दोन्ही पट्ट्या उसवतो. कापड उरलंय, नव्या लावतो. कळणारही नाही."

"बघू," खाटेवरून बॉबिन म्हणाली. "द्या इकडे." तिने गाऊन उलटसुलट केला आणि हसू फुटलं तिला. "आई! मुलगा हवा होता तुला, तर आधी सांगायचंस. इतकी वर्षं थांबलीस?"

"गप गं. देते नीट करून."

"थांब, घालून तर बघू दे."

त्यांनी तिला बसवलं, बाह्या चढवल्या. आई बटण लावायला पुढे झाली तसा बॉबिनने तिचा हात बाजूला केला. उजव्या हाताने बटण धरलं, डाव्या हाताने काज पुढे आणलं. लागलं. दुसरं. तिसरं. हळूहळू, मधे दम खात, पण खालपर्यंत तिने सगळी आपली आपण लावली.

"बघितलंस?" ती म्हणाली. "पुरुषांचे कपडे ज्याचे त्याला लावता यावेत असेच असतात. उजव्या हाताला बटण. हे माझं मला जमतंय. उसवू नका, बाबा. इस्पितळापासून सगळं दुसऱ्यांनी केलंय माझं. एवढं तरी माझं."

मग गाऊनच्या पहिल्या बटणावर बोट ठेवून म्हणाली, "आईच्या हातून चूक झाली, उपकार." आणि आईकडे पाहिलं. आई खाली पडलेले दोरे वेचायला लागली.

तो गाऊन बॉबिनने हिवाळाभर वापरला. धुवून वाळेपर्यंत चादर गुंडाळून बसायची. रोज सकाळी आईने अंग पुसून द्यायचं, बाह्या चढवायच्या आणि मग बाजूला उभं राहायचं. बटणं ती लावणार. रस्त्यावरून जाणारी रविवारशाळेची मुलं खिडकीशी थांबत, ती आत बोलावी, खाटेवर बसवून गोष्ट सांगे. पहिल्या बटणाला एक उपकार, हे त्या मुलांनाही पाठ झालं.

मुलं गेल्यावर एकदा ती आईला म्हणाली, "जवळ ये. ऐक. मला भीती वाटते, आई. रोज वाटते. तुला वाटत असेल, ही हसते म्हणजे हिला काही वाटत नाही. पण सकाळी काहीतरी सापडतंच गं. मी शोधून काढते असं नाही, प्रभू कुठेतरी ठेवून देतो. मी जाईन तिथे तो आहे, तेवढं मला पुरतं. माझी काळजी नाही. पण तू इथे राहणार. तुला रोज उठायचंय, रोज सुई हातात घ्यायचीय. आणि तुझ्याकडे म्हणायला काहीच नसेल, हे माझ्या जिवाला लागून राहिलंय. मला तुझ्या तोंडून एकदा ऐकायचंय. खरं. माझ्यासाठी बनवून नको."

मास्तरीणबाईंनी तिचा हात धरला. म्हणायचा प्रयत्न केला, अगदी खरोखर केला. "नाही येत गं," त्या म्हणाल्या. "आतून येत नाही."

"बरं," बॉबिन म्हणाली. "शिळं सांगण्यापेक्षा हे बरं."

थंडी सरायला लागली तशी थोरली आली. नवऱ्याने आणून सोडलं, दोन काखांत दोन पोरं. घरात एकदम गलका झाला. मांजराला हाकलून बॅग उघडली तर आतली झबली जुळ्यांना केव्हाच लहान झालेली. थोरली हसता हसता रडली आणि रडता रडता हसली. तिने बॉबिनच्या दोन्ही अंगांना दोन पोरं निजवली. एकाने पिवळ्या गाऊनचं बटण तोंडात धरलं आणि सोडेना. "घे, घे," मावशी म्हणाली, "आजीने पक्कं लावलंय, तुटायचं नाही."

त्यानंतर तीन-चार दिवसांनी, गुरुवारी, सकाळी आईने अंग पुसलं, गाऊनच्या बाह्या चढवल्या आणि सवयीने बाजूला उभी राहिली. बॉबिनने पहिलं बटण धरलं. बोटांतून निसटलं. पुन्हा धरलं, पुन्हा निसटलं. तिने हात मांडीवर ठेवले.

"आज तू लाव, आई."

मास्तरीणबाई समोर बसल्या. शर्टांच्या घड्या मास्तरच घालत, त्यामुळे लावलेली बटणं काजात घालायची वेळ त्यांच्यावर फारशी येत नसे. आणि ही तर उलट्या बाजूची. समोरून पाहता बटण त्यांच्या डाव्या हाताला येत होतं. डावा हात कसला ऐकतोय? बटण काजाशी यायचं आणि तिरकं व्हायचं. सुईच्या टोकाएवढी जागा चुकू न देणारी बाई, आणि पोरीचं एक बटण लागेना. पहिलंच लागायला इतका वेळ लागला की त्या वेळात त्यांनी मुलीकडे नीट पाहिलं. गळ्याच्या खळगीत ठोके पडताना दिसत होते. कानामागे नवे केस आले होते, पिसासारखे मऊ. इतके दिवस अंग पुसताना, औषध देताना, चादर बदलताना त्या घाईतच असत, काही चुकू नये म्हणून. आज घाई करताच येत नव्हती.

"डावा हात शाळेत घालायला हवा," बॉबिन पुटपुटली.

"उजवा तरी कुठे गेला होता?" आई म्हणाली. दोघी हसल्या. बॉबिनचं हसू म्हणजे नुसता श्वास होता.

दुसरं बटण. तिसरं. मास्तर मशीनवर पाय थांबवून बसले होते. आत जुळ्यांपैकी एक कुरकुरत होता, थोरली त्याला थोपटत होती. मधेच मास्तरीणबाईंचे हात थांबले. त्यांनी बटण धरूनच ठेवलं.

"प्रभू," त्या म्हणाल्या. आवाज फाटला. पुन्हा सुरुवात केली. "प्रभू, काजं उलटी झाली म्हणून मला वेळ लागतोय. सरळ असती तर केव्हाच झालं असतं. हा वेळ तू दिलास. उपकार."

बॉबिनने डोळे उघडले. "शिळं नाही ना?"

"नाही गं. आत्ताच आलं."

"हं," बॉबिन म्हणाली. अगदी लहानपणी, खुर्चीशी उभी राहून म्हणायची तसं. "लाव मग बाकीची. सावकाश लाव."

त्यांनी सावकाश लावली. शेवटचं बटण पायाशी आलं तेव्हा बॉबिनला झोप लागली होती. सगळे तिच्याभोवती बसले. थोरलीने तिचं आवडतं गाणं हळू आवाजात म्हटलं, मास्तरांनी सूर धरला, आणि मास्तरीणबाईंनी कितीतरी महिन्यांनी तोंड उघडून साथ दिली. त्या झोपेतून बॉबिन उठली नाही.

शेवटची तयारी करायला मंडळीतल्या बायका आल्या. कपाटातून नवे कपडे काढू लागल्या तेव्हा मास्तरीणबाई म्हणाल्या, "हाच राहू द्या. हा तिच्या डोळ्यांदेखत लावलाय." पाळकसाहेबांनी कबरीजवळ प्रार्थना केली. प्रार्थनेत काज हा शब्द आला तसे ते जरा थांबले, मास्तरांकडे पाहिलं, आणि मग पुढे म्हणाले.

दुकान काही दिवस बंद राहिलं. मग गिऱ्हाइकं दारावर यायला लागली, लोकांना शर्ट हवेच असतात. ज्या सकाळी खिडकी उघडली त्या सकाळी मास्तरीणबाईंनी खुर्ची उजेडात ओढली. टेबलामागे खाट नव्हती, मांजर त्या मोकळ्या जागेत बसलं होतं. डोळे सुजलेले, सगळं धूसर. त्यांनी सुई वर धरली, दोरा ओला केला आणि पुढे नेला.

मास्तरांनी मशीन थांबवलं.

"दोरा पहिल्याच वेळी सुईत गेला," मास्तरीणबाई म्हणाल्या. "उपकार." आणि चिरेच्या कडेने टाके घालायला घेतले. टाके नीट दिसत नव्हते, पण पडत होते. मग मास्तरांनीही मशीन चालू केलं.

टेलरमास्तरांची धाकटी मुलगी, जिला सगळे बॉबिन म्हणत, ती थोरलीची जुळी पालथी पडायला लागली त्या महिन्यात, थंडी सरता सरता, गुरुवारी दुपारच्या आत गेली.